स्किमर घेऊ का, मामू?

इशाची नमाज पढून घरी आलो तर फोनवर भाच्याचे तीन मिस्ड कॉल. परदेशातून लागोपाठ तीन मिस्ड कॉल म्हणजे पोटात गोळा येतो. घाईघाईने उलट फोन लावला. सलाम झाला, नानीच्या गुडघ्यांची चौकशी झाली, आणि मग तो म्हणाला, "मामू, एक विचारायचं होतं. स्किमर घेऊ का?"

जीव भांड्यात पडला. भाचा दोह्यात एसी दुरुस्तीचं काम करतो. चौघांच्या खोलीत राहतो आणि त्या खोलीच्या एका कोपऱ्यात त्याने समुद्र मांडला आहे. काचेची शंभर लिटरची टाकी, तीत सात मासे आणि दुकानातून आणलेले मऊ प्रवाळाचे चार-पाच तुकडे. प्रवाळाचा छोटा तुकडा दगडावर चिकटवला की तो वाढतो. "आपल्या वेंगुर्ल्यात काजूची कलमं करतात ना, तसंच समजा," असं त्याने मला एकदा सांगितलं होतं. आता पाण्यात शेवाळ वाढायला लागलं होतं. दुकानदार म्हणत होता, प्रोटीन स्किमर घ्या, त्याशिवाय प्रवाळ जगत नाही. खोलीतला एक मित्र म्हणत होता, पैसे काढायचे धंदे आहेत सगळे.

"दोन दिवस दे, विचार करून सांगतो," मी म्हणालो.

"सांगा मामू. मागच्या वेळेसारखं नको व्हायला."

मागची वेळ म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाच ठाऊक. या लेखापर्यंत तरी.

2020 च्या मार्चमध्ये बारावीची परीक्षा देऊन तो आमच्याकडे वेंगुर्ल्याला आला आणि लॉकडाउनमध्ये अडकला. माझी शाळा मोबाइलवर भरायची. सकाळी उर्दू, दुपारी मराठी, आणि संध्याकाळी दोघांनाही काही काम नाही. घरात एक जुनी तीन फुटी काचेची टाकी होती. तिच्यात गोडे मासे ठेवण्यापेक्षा समुद्र ठेवू, ही कल्पना त्याची. अम्मीने ऐकलं आणि म्हणाली, "समुद्र दहा मिनिटांवर आहे. तो घरात कशाला आणायचा?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

बाहेर पडायला थोडी मोकळीक मिळाली तसे आम्ही भरतीच्या वेळी स्कूटरवरून वीस-वीस लिटरचे कॅन भरून आणू लागलो. खडकांतल्या डबक्यात अडकलेले बोटाएवढे पाच मासे मिळाले, पिवळट अंगावर काळे उभे पट्टे असलेले. शंखात राहणारे दोन खेकडे आले. प्रवाळाला मात्र आम्ही हात लावला नाही. मालवणच्या किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे, तो भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळाला वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. तुकडा तोडून घरी आणणं हा गुन्हा आहे. भाच्याला हे पटवायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली.

पाऊस सुरू झाला आणि दुसरी अडचण आली. ओढ्या-खाड्यांचं गोडं, गढूळ पाणी समुद्रात उतरतं. किनाऱ्याचं पाणी चार महिने टाकीच्या उपयोगाचं राहत नाही. भाचा म्हणाला, शिरोड्याचं मीठ आणून पाण्यात कालवू. 1930 च्या सत्याग्रहाने शिरोड्याचं नाव देशभर गेलं, ते मिठागर आमच्याच तालुक्यातलं. पण त्या मिठाने समुद्र होत नाही. मिठागरात पाणी आटताना चुन्याचे क्षार आधीच खाली बसतात, मग मिठाचे खडे धरतात, आणि मॅग्नेशियम-पोटॅशियम शेवटच्या कडू पाण्यात राहून जातं. खाण्याचं मीठ म्हणजे समुद्रातला एकच मोठा हिस्सा. बाकीचे छोटे हिस्से गेले की मासे फार काळ तग धरत नाहीत आणि प्रवाळ तर नाहीच. आम्ही मग मेअखेरीस भरून ठेवलेल्या कॅनवर पावसाळा काढला.

त्याच पावसाळ्यात भाच्याने पहिल्यांदा स्किमरचं नाव काढलं. किंमत सात-आठ हजार. मी म्हणालो, "हे श्रीमंतांचे चोचले आहेत. आपल्याला परवडत नाही आणि लागतही नाही." वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा होता. दुसरा भाग मी माहिती नसताना बोललो होतो. शिक्षकाला ही सवय फार लवकर लागते.

आता त्याने पुन्हा विचारलं तेव्हा मी ठरवलं, या वेळी आधी समजून घ्यायचं आणि मग बोलायचं.

स्किमर म्हणजे काय हे अम्मीच्या चुलीपाशी उभं राहिलं की कळतं. यखनी उकळायला लागली की वर राखाडी फेस येतो. अम्मी झारा घेऊन तो काढून टाकते. वेळेवर काढला नाही तर तो पुन्हा रश्शात मिसळतो आणि यखनी गढूळ होते. स्किमर हेच काम थंड पाण्यात करतो. माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य, शेवाळातून पाझरणारे पदार्थ, यांतल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याला धरून राहतं आणि दुसरं टोक पाण्यापासून पळतं. पाण्यात हवेचा बुडबुडा आला की हे रेणू त्याच्या अंगाला चिकटतात, पाण्यापासून पळणारं टोक हवेकडे करून. स्किमरच्या नळीत असे लाखो बारीक बुडबुडे सोडलेले असतात. ते वर चढतात, त्यांचा घट्ट फेस होतो, फेस वरच्या कपात सांडतो आणि तिथे मोडून चहासारखं काळपट, घाण वासाचं पाणी होतं. तो कप धुवायचा, बस्स.

यात खुबी अशी की घाण सडायच्या आधीच पाण्याबाहेर जाते. साध्या गाळणीत ती अडकते खरी, पण पाण्यातच असते. तिथे ती कुजते, तिचा अमोनिया होतो, जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेटवर शेवाळ माजतं आणि प्रवाळाला ते सोसत नाही. मात्र एकदा तयार झालेला अमोनिया किंवा नायट्रेट स्किमर उचलू शकत नाही. खाद्याचा अख्खा तुकडा दगडामागे पडला असेल तर त्याचंही तो काही करू शकत नाही. पाण्यात विरघळलेलं आणि फेसाला चिकटणारं, तेवढंच त्याच्या हातात.

गोड्या पाण्यात हे यंत्र जवळजवळ निकामी ठरतं, कारण तिथे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि फुटतात. खाऱ्या पाण्यात ते बारीक राहतात. वेंगुर्लेकरांना हे वेगळं सांगायला नको. जुलैत सागरेश्वरच्या किनाऱ्यावर जाऊन उभं राहा. लाटांनी घुसळून काढलेला पिवळट, तपकिरी फेस वाळूवर थरथरत पडलेला असतो आणि वाऱ्याने उडून सुरूच्या बनापर्यंत जातो. लहानपणी आम्ही त्याला साबण समजायचो. तोच समुद्राचा स्किमर. मेलेल्या शेवाळाचा, सूक्ष्म जिवांचा मळ तो फेसात घालून बाहेर टाकत असतो.

मग प्रवाळाच्या टाकीला स्किमर लागतोच का? लोकांनी दोन्ही बाजूंनी करून दाखवलं आहे. 1961 मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत मासिकात छापली. समुद्राचं पाणी, समुद्रातले जिवंत दगड, ऊन आणि हवेचे थोडे बुडबुडे. ना गाळणी, ना स्किमर. तेवढ्यावर त्यांचे प्रवाळ जगत होते. पुढे बर्लिनच्या हौशी लोकांनी जिवंत दगड आणि दमदार स्किमर अशी जोडी जमवली आणि तीच जगभर चालली. मोनॅकोत जाँ जोबेर यांनी वाळूचा जाड थर वापरून स्किमरशिवाय प्रवाळ वाढवले. त्या थरात खोलवर प्राणवायू नसतो, तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर अ‍ॅडी यांनी उजेडाखाली जाळीवर शेवाळ मुद्दाम वाढवलं आणि ते खरवडून काढत राहिले. शेवाळासोबत घाणही बाहेर. आणि 2009 मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन यांनी स्किमर नेमकं किती काढतो हे मोजलं, तर पाण्यातल्या सेंद्रिय कार्बनपैकी साधारण 20 ते 30 टक्केच निघाला. महागाचा असो की स्वस्ताचा, फार फरक नव्हता.

म्हणजे स्किमर हा एक रस्ता झाला, एकमेव रस्ता नव्हे. हे सगळे रस्ते एकाच हिशोबावर चालतात. टाकीत जितकं घालाल तितकं कुठून तरी बाहेर निघालं पाहिजे. फेसातून निघो, शेवाळातून निघो, वायू होऊन निघो की पाणी बदलून निघो.

कुरआनात सूरह रअदच्या सतराव्या आयतीत फेसाचा दृष्टान्त आहे. पाऊस पडतो, नाले वाहतात, वर फेस येतो. फेस निघून जातो आणि लोकांच्या उपयोगाचं जमिनीत टिकून राहतं. सत्य आणि असत्य यांच्यासाठी दिलेला हा दृष्टान्त मी बयानांत अनेकदा ऐकला आहे. पण फेसाच्या आधी त्यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती माझ्या नजरेतून कायम निसटली होती. प्रत्येक नाला आपापल्या मापाने वाहतो. आधी माप, मग फेस. आयतीचा अर्थ फार मोठा आहे, तो काचेच्या टाकीत बसवायचा नाही हे मला कळतं. पण माप हा शब्द डोक्यात राहिला, आणि त्याच्यामागून 2021 ची ईद आली.

त्या वर्षी ईद 14 मे रोजी, शुक्रवारी होती. कोरोनामुळे नमाज घरातच पढली. कुणी येणार नाही, कुणाकडे जायचं नाही. शीरखुर्म्याचं पातेलं भरलेलं आणि खाणारी माणसं चार. दुपारी भाचा झोपला होता. मी टाकीसमोर बसलो. मासे काचेपाशी येऊन तोंडं उघडत होते. मनात म्हटलं, यांचीही ईद आहे. फ्रिजमधून कोळंबी काढली, बारीक चिरली आणि मूठभर टाकली. त्यांनी खाल्ली. मग आणखी मूठभर टाकली. दुसऱ्या दिवशी उरलेलीही टाकली. पाच बोटाएवढ्या माशांना.

16 मे, रविवार. तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यालगतून वर सरकत होतं. झाडं पडली, खांब वाकले, पहाटेच वीज गेली. आमच्या गल्लीत ती चौथ्या दिवशी आली. टाकीचा पंप बंद पडला. दुपारपर्यंत मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. भाच्याने मग घेतला आणि टाकीतलं पाणी भरून वरून ओतायला लागला, हवा मिसळावी म्हणून. रात्री अम्मीने मेणबत्ती लावून दिली. बाहेर वारा, आत मगातून पडणाऱ्या पाण्याचा आवाज. मी बारापर्यंत त्याच्यासोबत होतो, मग झोपायला गेलो. फज्रला उठलो तर तो टाकीला डोकं टेकून झोपलेला, हातात मग तसाच. पाचही मासे तळाशी पडले होते.

पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. फिक्हच्या किताबांत पाणी पाक आहे का हे ठरवताना तीन गोष्टी बघायला सांगतात: रंग, वास, चव. मी त्या सकाळी पहिल्या दोन बघितल्या, बोट बुडवून जिभेला लावलं तर तिसरीही ठीक. प्राणवायू या तिघांतही दिसत नाही. तिशीतल्या तापमानाला समुद्राच्या एका लिटर पाण्यात तो मावतोच सहा मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तोही पाणी हललं नाही तर संपत जातो.

भाचा दोन दिवस बोलला नाही. मग एवढंच म्हणाला, "स्किमर असता तर वाचले असते." मी म्हणालो, "असेल." आठवड्याने टाकी मीच रिकामी केली, तो बाजारात गेलेला असताना. मागचा मोठा दगड उचलला तर खाली पांढरट, बुळबुळीत कोळंबीचा गोळा. भोवतीची वाळू काळी पडलेली आणि सडक्या अंड्याचा वास. जिवाणू ती कोळंबी कुजवत होते आणि कुजवताना पाण्यातला प्राणवायू पीत होते. पंप चालू होता तोवर भरपाई होत होती. पंप थांबला आणि पाच मासे व कोळंबीचा ढीग यांच्यात एकच श्वास वाटून घ्यायची वेळ आली. मी ती वाळू परसात पुरली आणि कुणाला काही सांगितलं नाही.

दोन दिवसांनी भाच्याला फोन केला. यखनीपासून फेल्डमनपर्यंत सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "ते ठीक आहे मामू. पण मला मशीन हवंय ते वेगळ्यासाठी. त्या रात्री मला झोप लागली. मी झोपलो नसतो तर ते वाचले असते. इथे मी ड्युटीवर असतो, दिवसभर कुणी नसतं. माझ्यामुळे पुन्हा नको."

मी फोन कानाला धरून गप्प बसलो. मला वाटत होतं, त्याने इतकी वर्षं मनातल्या मनात मला दोष दिला असेल, सात-आठ हजार वाचवणाऱ्या मामूला. तो दोष मला चालत होता. मूठभर कोळंबीपेक्षा तो हलका होता. त्याने मात्र तो स्वतःच्या डोक्यावर घेतला होता. अठरा वर्षांचा मुलगा, अख्खी रात्र मगाने पाणी ओतून थकून झोपलेला.

मग मी त्याला ईदची गोष्ट सांगितली. मूठभर, पुन्हा मूठभर, दुसऱ्या दिवशी उरलेली. दगडाखालचा गोळा. परसात पुरलेली वाळू. स्किमर असता तरी तो गोळा त्याने उचलला नसता, आणि वीज गेल्यावर स्किमरही थांबलाच असता. "तू जागा राहिला असतास तर ते दुपारपर्यंत टिकले असते कदाचित," मी म्हणालो. "पुढचे तीन दिवस नाही. ते माझ्या हाताने गेले बेटा. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. माफ कर."

पलीकडून बराच वेळ फक्त एसीचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "अख्खी मूठ, मामू?" आणि हसला. हसताना आवाज जरा ओला होता. माझाही असणार.

त्यानंतर आम्ही स्किमरवर नीट बोललो. मी त्याला विचारलं, शंभर लिटरला सात मासे कशाला? तो म्हणाला, एकेक आवडत गेला. खाद्य किती वेळा? दोनदा, कधी तीनदा. कामावरून आलो की ते काचेपाशी येतात. मी म्हणालो, हे मला सांगू नकोस, मी त्याच वाटेने गेलो आहे. आमचं ठरलं ते असं. पहिली खरेदी बॅटरीवर चालणाऱ्या हवेच्या पंपाची, वीज गेली की आपोआप सुरू होणाऱ्या. तीन मासे दुकानात परत. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं. एवढं करून महिन्याने शेवाळ हटलं तर स्किमर नको. नाही हटलं तर घ्यावा, पण जास्त मासे ठेवायची परवानगी म्हणून नाही.

एक गोष्ट त्यानेच मला शिकवली. त्यांच्या खोलीच्या खिडक्या उन्हाळाभर बंद, चौघांचे श्वास आतच. अशा हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो पाण्यात उतरतो आणि पाणी आम्लाकडे झुकतं. प्रवाळाला ते चालत नाही. स्किमर तीच खोलीतली हवा पाण्यात कालवणार. म्हणून त्याची हवा ओढणारी नळी खिडकीबाहेर सोडायची. एसीवाल्याला खोलीतल्या हवेचा हिशोब आपल्यापेक्षा लवकर कळतो.

शेवटी मासे त्याने दोनच परत केले, तिसऱ्यावर जीव जडला होता. त्या पाच माशांसाठी एक जुना स्किमर निम्म्या किमतीत घेतला. मला त्यात काही चूक दिसत नाही. माप आणि माया यांच्यात माणूस कुठेतरी मध्ये थांबतो. तिथे थोडी मदत लागली तर घ्यावी.

परवा त्याने कपाचा फोटो पाठवला, पाच दिवसांचा माल, गडद चहासारखा. मी स्वयंपाकघरात जाऊन अम्मीला दाखवला. ती पातेल्यावर झारा धरून उभी होती. चष्मा वर करून तिने फोटो पाहिला, मग हातातल्या झाऱ्याकडे पाहिलं.

"एवढ्याशा पाण्यातून एवढं? खायला किती घालतो तो त्यांना?"

तो फोनवर होताच. "नानीला सांगा," तो म्हणाला, "आता एकदाच घालतो."